दार पाच सेंटीमीटर अरुंद

देश वाचवायला काय लागतं? लष्कर, गुप्तहेर, कडक कायदे, असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला अनुभव नाही. मोजपट्टी लागते.

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात बात्मान नावाचं शहर आहे. वस्ती मुख्यतः कुर्दांची. २००२ साली तुर्की संसदेनं कुर्दी भाषेचे खासगी वर्ग काढायला परवानगी दिली. युरोपीय संघाचं दार ठोठावायचं होतं, त्यामुळे आपल्या घरचं थोडं उघडणं भाग होतं. बात्मानमध्ये वर्ग काढू पाहणाऱ्यांकडे तपासणी झाली आणि निष्पन्न झालं की वर्गाचं दार नियमातल्या नव्वद सेंटीमीटरपेक्षा पाच सेंटीमीटर अरुंद आहे. मला तो साहेब डोळ्यांसमोर दिसतो. टेपचं एक टोक शिपायाच्या हातात, दुसरं स्वतःच्या, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर मातृभूमी थोडक्यात वाचल्याचं समाधान. शेवटी २००४च्या एप्रिलमध्ये वर्ग सुरू झाला.

रेडिओला मात्र दारच नसतं. सगळा घोळ तिथे आहे.

१९८०च्या बंडात सत्तेवर आलेल्या सेनापतींनी १९८३ साली २९३२ क्रमांकाचा कायदा केला. कुर्दीवर बंदी घालणाऱ्या या कायद्यात 'कुर्दी' हा शब्द कुठेही नाही. असेल कसा? कुर्द नावाचे लोकच नाहीत, ते 'डोंगरी तुर्क', असं सरकारी मत होतं. बर्फावरून चालताना बुटांचा 'कार्ट-कुर्ट' आवाज होतो, त्यावरून हे नाव पडलं, असंही हसू न येऊ देता सांगितलं जाई. आता नसलेल्या लोकांच्या नसलेल्या भाषेवर बंदी घालायची कशी? तर तुर्कस्ताननं मान्यता दिलेल्या देशांची जी पहिली राजभाषा असेल, तिच्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही भाषेत विचार मांडायला मनाई. त्यातला 'पहिली' हा शब्द सोन्यानं मढवावा असा आहे. शेजारच्या इराकमध्ये कुर्दीला मान्यता होती, पण अरबीच्या मागे. फट बुजली. पुढच्या एका कलमात लिहिलं की तुर्की नागरिकांची मातृभाषा तुर्की आहे. आपल्याकडे शाळेच्या अर्जावर मातृभाषेचा रकाना आईबाप भरतात. तिकडे सेनापतींनी सगळ्या देशाचा एका ओळीत भरून टाकला.

हा कायदा १९९१ मध्ये गेला. १९९४च्या नभोवाणी कायद्यात त्याहून उदात्त विचार आला: प्रसारण तुर्कीतच, पण ज्या परक्या भाषांनी जागतिक संस्कृतीत आणि विज्ञानात भर घातली आहे, त्यांना काही कामांपुरती सूट. म्हणजे न्यूटनच्या भाषेत हवामान सांगता येईल, आजीच्या भाषेत नाही. आजीनं आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावून यावं.

आजी ऐकत नव्हती का? ऐकत होती. १९५५पासून सीमेपलीकडच्या सोव्हिएत आर्मेनियातून, येरेव्हान रेडिओवर कुर्दी कार्यक्रम लागायचा. दारं-खिडक्या लावून, आवाज बारीक करून, काटा केसभर इकडे-तिकडे फिरवत तुर्कस्तानातली कुर्दी गावं तो ऐकायची. खरखरीतून एखाद्या देंगबेजचा, म्हणजे त्यांच्याकडच्या गाऊन कथा सांगणाऱ्याचा, आवाज वर यायचा. जिथे बोलायची चोरी तिथे गाणं दुसऱ्या देशातून, तेही कम्युनिस्ट देशातून, आणि तुर्कस्तान नाटोचा सभासद! शीतयुद्धात मॉस्कोला याहून स्वस्तात श्रोते कुठे मिळाले असतील असं वाटत नाही.

कुर्दांमध्ये एक किस्सा सांगतात. नासरच्या काळात कैरोहूनही कुर्दी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तुर्की राजदूत तक्रार घेऊन नासरकडे गेले. नासरनं विचारलं, तुमच्याकडे कुर्द आहेत का? राजदूत म्हणाले, नाहीत. मग तुम्हाला त्रास कसला? किस्सा घडला असेल-नसेल, पण त्यातल्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही.

आपण हसायचं कारण नाही. आपले पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले आणि सिनेमाची गाणी हलकी म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून त्यांना जवळपास हद्दपार केलं. जनतेनं मंत्र्यांशी वाद घातला नाही. काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं, आणि बिनाका गीतमाला ऐकत एक पिढी मोठी झाली. १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. तिथे निदान प्रश्न गाण्याच्या दर्जाचा होता. माणूस आहे की नाही, असा नव्हता.

तुर्की सरकारची भीती अगदीच हवेतली होती, असं मी म्हणणार नाही. १९८४पासून पीकेकेचं, म्हणजे कुर्दिस्तान कामगार पक्षाचं, सशस्त्र बंड सुरू होतं, त्यात चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली. पण भीती खरी असली म्हणून औषध बरोबर असतंच असं नाही. सरकारी रेडिओवर कुर्दी नव्हती, म्हणून १९९५ मध्ये ब्रिटिश परवान्यावर सुरू झालेल्या, पीकेकेकडे झुकलेल्या मेड टीव्हीकडे गच्चीगच्चीवरच्या तबकड्या वळल्या. बातमी हवी होती कुर्दीत. दुकान एकच उघडं होतं. लोकांचे कान ज्यांच्या हाती जायला नको होते, त्यांच्याच हवाली सरकारनं ते केले, आणि वर बोंब मारली की ते भरले जातात.

अखेर जून २००४. टीआरटी, म्हणजे तिकडची आकाशवाणी आणि दूरदर्शन एकत्र, 'इतर' भाषांमध्ये बोलू लागली. सोमवारी बोस्नियन, मंगळवारी अरबी, बुधवारी कुर्मांजी कुर्दी, गुरुवारी सर्केशियन, शुक्रवारी झाझा. आपल्याकडे सोमवार महादेवाचा आणि बुधवार पांडुरंगाचा, तसं. आठवड्यातून एकदा, साधारण अर्धा तास. लाखो लोकांची भाषा, बुधवारचं दर्शन, पुढचा नंबर घ्या.

खासगी केंद्रांसाठी नियम आणखी गोड होते. रेडिओवर दिवसाला एक तास, आठवड्याला पाच. मुलांचे कार्यक्रम नाहीत, भाषा शिकवणं नाही, आणि कुर्दीत जे बोललात ते नंतर तुर्कीत परत सांगायचं. उद्या पाऊस पडणार, हे आधी कुर्दीत, मग तुर्कीत. तोवर पडून जायचा. या अटींवर पहिल्या खासगी केंद्रांना परवानगी मिळायला मार्च २००६ उजाडला. दियारबकीरच्या दोन दूरचित्रवाहिन्या आणि उर्फ्याचं एक एफएम.

टीआरटीवर पहिल्यांदा कुर्दी लागली तो बुधवार ९ जूनचा. त्याच दिवशी लेयला झाना तुरुंगातून सुटल्या. १९९१ मध्ये खासदारकीची शपथ घेताना तुर्की आणि कुर्दी जनतेच्या बंधुत्वाबद्दल एक वाक्य त्या कुर्दीत बोलल्या होत्या. पुढे पीकेकेच्या सदस्यत्वाचा ठपका, पंधरा वर्षांची शिक्षा, दहा वर्षं आत. सरकारला पंचांग पाहायची सवय नसावी.

१ जानेवारी २००९ला तर टीआरटीची चोवीस तासांची कुर्दी वाहिनीच सुरू झाली आणि पंतप्रधान एर्दोआन यांनी स्वतः कुर्दीत शुभेच्छा दिल्या. दोन महिने होत नाहीत तोवर खासदार अहमत तुर्क संसदेतल्या पक्षाच्या बैठकीत कुर्दीत बोलू लागले आणि टीआरटीनं थेट प्रक्षेपण तोडलं. संस्था तीच, भाषा तीच. फक्त या वेळी बोलणारा कुर्द होता.

२०१६च्या फसलेल्या लष्करी बंडानंतर आणीबाणीच्या फर्मानांनी जी केंद्रं बंद झाली, त्यात झारोक टीव्ही ही कुर्दी मुलांची कार्टून वाहिनीही होती. निळे स्मर्फ आणि स्पाँजबॉब कुर्दीत बोलायचे. राष्ट्राला त्यांच्यापासून काय धोका होता ते कळलं नाही. काही महिन्यांत वाहिनी परत सुरू झाली, म्हणजे बहुधा सरकारलाही कळलं नाही.

हे सगळं लांबचं आहे, नाही? तर मग २ ऑक्टोबर १९९४. बेंगळुरू दूरदर्शननं उर्दू बातम्या सुरू केल्या. रोज दहा मिनिटं. आठवडाभरात शहर पेटलं, पंचवीसच्या आसपास माणसं मेली, बातम्या बंद पडल्या. मुंबईची लोकल दहा मिनिटं उशिरा आली तर कोणी मोबाइलमधून मानही वर काढत नाही. बेंगळुरूत मोजपट्टी काढण्याइतका धीरही कोणाला निघाला नाही.

बेळगावातल्या पाटीवर मराठी नसली की आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते. जावीच. पण तोच माणूस मुंबईत रेडिओवर दुसऱ्याची भाषा लागली की काय म्हणतो, ते मी ऐकलेलं आहे. सदरात छापता येणार नाही. तेव्हा तुर्कांवर पत्र लिहायला बसण्याआधी टेप काढा आणि आपल्या घरचं दार मोजा. नव्वद सेंटीमीटर भरलं तर कळवा.