पगारी विवेक

सरकारी कचेरीत काम न होण्याची कारणं आपल्याला तोंडपाठ आहेत. साहेब व्हिजिटला गेलेत, सर्व्हर डाउन आहे, शिक्का कपाटात आणि किल्ली रजेवर, सोमवारी या. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या तालमीनंतरही आपल्या एकाही कारकुनाला जे सुचलं नाही, ते अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, रोवन नावाच्या लहानशा काउंटीत किम डेव्हिस यांना सुचलं. १ सप्टेंबर २०१५ रोजी लग्नाचा परवाना मागायला आलेल्या दोन पुरुषांना त्यांनी परत पाठवलं. कोणाच्या अधिकारात, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, देवाच्या. आता याच्यावर अपील कुठल्या खिडकीत करायचं?

बाई काउंटी क्लार्क. गाड्यांची नोंदणी, जमिनीचे दस्त, लग्नाचे परवाने, सगळं एकाच कचेरीत. पगार वर्षाला सुमारे ८० हजार डॉलर. त्यांच्या आधी त्याच खुर्चीत त्यांच्या आई ३७ वर्षं होत्या. आईच्या हाताखाली लेक, पुढे लेक निवडून आली तेव्हा तिच्या हाताखाली नातू. आपल्या जिल्हा बँकांच्या संचालकांनी अभ्यासदौऱ्यासाठी उगाच स्वित्झर्लंड गाठू नये.

२६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी समलिंगी विवाह देशभर कायदेशीर ठरवला. बाईंच्या श्रद्धेत ते बसेना. पण नुसतं समलिंगी जोडप्यांना नाही म्हटलं तर भेदभावाचा ठपका येणार! मग त्यांनी सगळ्यांचेच परवाने बंद केले. स्त्री-पुरुष, पुरुष-पुरुष, कोणीही या, लग्न नाही. समतेची इतकी काटेकोर अंमलबजावणी न्यायालयाच्याही मनात नसेल.

आता हा परवाना म्हणजे काय? वय बसतं का, ओळखपत्र आहे का, फी भरली का, एवढं पाहून सही. बाईंच्या सहीने कोणाचं लग्न पवित्र होणार नव्हतं, आणि आशीर्वाद मागायला कोणी आलंही नव्हतं. आपल्या उत्पादन शुल्क खात्यात एखादा माळकरी कारकून असेल, तर तो गळ्यातली तुळशीची माळ सावरत बिअर बारच्या फाइलवर टिपणी लिहितोच. विठ्ठलाने त्याला अजून वारीतून परत पाठवलेलं नाही. आणि फारच टोचलं, तर विनंती बदलीचा अर्ज असतो, नाहीतर राजीनामा असतो. बाईंना राजीनामा द्यायचा नव्हता. विवेक जागा होता, पण त्याला खुर्चीतच बसायचं होतं.

बाईंची स्वतःची चार लग्नं झालेली, नवरे तीन, एकाशी दोनदा. चारही वेळा टेबलापलीकडच्या माणसाला घटस्फोटाविषयीचं बायबल आठवलं नाही, हे त्यांचं नशीब. त्यांचं म्हणणं, ते सगळं धर्माकडे वळण्याआधीचं, देवाने माफ केलं. केलंही असेल. ते दप्तर माहिती अधिकारात येत नाही.

परवाना नाकारलेल्या जोडप्यांनी दावा लावला, तेव्हा न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी मात्र सांगितलं की इथे कोणाचंही वैयक्तिक मत, अगदी माझंसुद्धा, गैरलागू आहे. फिर्यादींना बाईंना दंड हवा होता, तुरुंग नको होता. पण दंड समर्थकच वर्गणी काढून भरतील, हे ओळखून न्यायाधीशांनी ३ सप्टेंबरला त्यांना आत पाठवलं. दुसऱ्याच दिवशी सहापैकी पाच मदतनीस परवाने देऊ लागले. सहावा चिरंजीव.

८ तारखेला सुटका झाली तेव्हा बाहेर माईक हकबी मंच मांडून तयार. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायची, तर तुरुंगाच्या दारासारखी जागा नाही. स्पीकरवर ‘आय ऑफ द टायगर’ वाजलं. परवानगी न घेता. कोणत्याही परवान्याशी या मंडळींचं जमत नसावं. गाणंवाल्यांनी दावा लावला आणि हकबींच्या प्रचार समितीला २५ हजार डॉलर मोजावे लागले.

आपल्याकडे समलिंगी विवाहाचा हा पेच नाही, कारण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो संसदेकडे टोलवला आणि संसद इतर कामांत आहे. पण म्हणून आपल्या टेबलांमागे विवेक नाही असं समजू नका. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली आंतरधर्मीय जोडपं नोटीस द्यायला गेलं, की तो चष्म्यावरून पाहतो आणि विचारतो, “घरी माहितीय का?” कायद्यात असा रकाना नाही. पण देवाचं नाव न घेता एवढ्या एका प्रश्नावर चार हेलपाटे घालता येतात. केंटकीला अजून बरंच शिकायचं आहे.

अमेरिकेतल्याच अलाबामाने तर मुळावरच घाव घातला. तिथल्या काही प्रोबेट न्यायाधीशांनी असेच परवाने थांबवले होते. राज्याने २०१९ मध्ये विवाह परवानाच रद्द केला. आता जोडप्याने फॉर्म भरायचा, नोटरीसमोर सह्या करायच्या, कचेरीत नेऊन द्यायचा. न्यायाधीशांनी फक्त दप्तरी दाखल करायचा. चार-दोन अधिकाऱ्यांना पेन उचलावं लागू नये म्हणून अख्ख्या राज्याच्या लग्नपद्धतीने कूस बदलली.

केंटकीतही नवे राज्यपाल मॅट बेविन यांनी डिसेंबर २०१५ मध्ये परवान्यावरून क्लार्कचं नाव काढून टाकलं. बाईंचं मागणं तेवढंच होतं. फिर्यादींच्या वकिलांच्या फीचे सव्वादोन लाख डॉलर राज्याने भरावेत असा पुढे आदेश झाला. म्हणजे श्रद्धा बाईंची, पावती करदात्यांच्या नावाने. २०१८ मध्ये त्याच करदात्यांनी त्यांना निवडणुकीत पाडलं. परत पाठवलेल्या त्या दोघांना २०२३ मध्ये ज्यूरीने प्रत्येकी ५० हजार डॉलर भरपाई दिली, वर वकिलांचे २ लाख ६० हजार, आणि हे सगळं बाईंनी स्वतः द्यायचं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, माझ्या धर्मस्वातंत्र्याचं बघा आणि जमल्यास २०१५चा निकालही फिरवा म्हणून. १० नोव्हेंबर २०२५ रोजी अर्ज फेटाळला गेला, कारण न देता. परवान्यावरचं नाव निघालं ते निघालं. बिलावर मात्र अजून तेच आहे.