मॅचिंग डोकं

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांत पंथ पुष्कळ. कुणी जाड तारांचे, कुणी बारीक तारांचे, कुणी जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे हात जोडणारे. पण खरी कडाक्याची भांडणं होतात ती हेडस्टॉकवरून. हेडस्टॉक म्हणजे गिटारचं डोकं, तारा पिळायच्या खुंट्या आणि कंपनीचं नाव मिरवणारा भाग. हे डोकं बॉडीच्याच रंगात रंगवावं, की लाकूड लाकडासारखं दिसू द्यावं, एवढाच प्रश्न आहे. रंगाच्या पातळ थराचा सुराशी संबंध जवळपास नाहीच. म्हणूनच कुठलाही पुरावा पुढे आणून हा वाद मिटवता येत नाही.

प्रस्तुत लेखक लाकूडपंथी आहे. वाचकांनी पुढच्या मजकुरातून तेवढा पक्षपात वजा करून घ्यावा.

लाकूडपंथाचे मूळपुरुष लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करता करता हा गृहस्थ गिटार बनवायला लागला. 1950 साली त्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, तीच पुढची टेलिकास्टर; 1954 साली स्ट्रॅटोकास्टर. नेक, म्हणजे गिटारची मान, मेपलची, आणि ती चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेली. नेक एका बाजूला तयार होणार, बॉडी दुसऱ्या बाजूला, आणि कुठलीही नेक कुठल्याही बॉडीवर बसणार. आता डोकी रंगवायची म्हटलं, तर लाल डोक्याला लाल धडच शोधायला हवं. उघडं लाकूड सगळ्यांशी जमवून घेतं. आज ज्याला रसिक मंडळी ‘अभिजात साधेपणा’ म्हणतात, त्यात कारखान्याची सोयही दडलेली आहे.

तिसरा प्रकार काळ्या डोक्याचा; त्याची गोष्टही याहून फार उदात्त नाही. मिशिगनमधल्या कलामाझूच्या गिब्सन कंपनीत महोगनीची नेक करत. डोकं नेकपेक्षा रुंद, म्हणून दोन्ही कडांना लाकडाचे छोटे तुकडे डिंकाने चिकटवायचे. मग वरून होली नावाच्या झाडाचा पातळ पापुद्रा लावून तो काळा करायचा आणि त्यात शिंपल्याच्या चकाकीत ‘गिब्सन’ लिहायचं. 1952 च्या ‘लेस पॉल’ या मॉडेलपासून हे काळं डोकं श्रीमंतीची खूण मानलं जातं. त्याखाली सांधे झाकलेले आहेत, हे लेस पॉलच्या मालकाला सांगायला जाऊ नये. मैत्री टिकत नाही.

रंगपंथाला मात्र फेंडरच्याच घरातून बळ मिळालं. मोटारींसाठी ड्यूपाँ कंपनी जे रंग बनवत असे, तेच फेंडरने गिटारींवर चढवले. लेक प्लॅसिड ब्लू हा कॅडिलॅकचा निळा, फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्डचा लाल. अशा खास रंगासाठी किमतीवर 5 टक्के जादा पडत. त्यातही उतरंड होती. 1958 ची जॅझमास्टर आणि 1962 ची जॅग्वार या स्ट्रॅटोकास्टरपेक्षा महाग. त्या खास रंगात मागवल्या की डोकंही त्याच रंगात रंगून येई. स्ट्रॅटोकास्टरचं डोकं सहसा बोडकंच राही. म्हणजे मॅचिंग डोकं हे वरच्या वर्गाचं लक्षण. पैठणी घेतली की मॅचिंग सेंटरमध्ये तासभर ब्लाऊजपीस शोधायचा, रोजच्या सुती साडीवर मात्र हाताला येईल तो चालतो, तसाच हा प्रकार.

लाकूडपंथीयांचा मोठा आधार म्हणजे लाकडाचं म्हातारपण. लाकडावरचं पारदर्शक लॅकर वर्षानुवर्षं पिवळट होत जातं आणि मेपलला मधासारखी झाक येते. ही झाक इतकी लाडकी, की आता कोऱ्या गिटारीच्या नेकवर कारखान्यातच पिवळा हात फिरवून देतात. 1990 च्या दशकात तर फेंडरने मुद्दाम खरवडलेल्या, झिजवलेल्या गिटारी विकायला काढल्या, आणि त्या नव्या गुळगुळीत गिटारींपेक्षा महाग विकल्या गेल्या.

उघड्या डोक्यावर इतिहासही लिहिता येतो. गिटारवादक एरिक क्लॅप्टन वाजवताना पेटती सिगरेट तारेच्या मोकळ्या टोकात खोचून ठेवत. त्यांच्या ‘ब्लॅकी’ या काळ्या स्ट्रॅटोकास्टरच्या डोक्यावर त्याचे डाग आहेत. घरात सोफ्यावर असा डाग पडला असता तर आठवडाभर अबोला झाला असता. ब्लॅकी 2004 साली लिलावात 9 लाख 59 हजार 500 डॉलरला गेली. दुसरे नामवंत गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर 2019 साली 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. तिचंही डोकं उघडंच. लाकूडपंथी हे आकडे आरतीसारखे म्हणतात. त्यात क्लॅप्टन आणि गिल्मर यांच्या बोटांचा वाटा किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

रंगपंथीयांकडे बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन आहेत. 1967 साली त्यांनी आपली फिकट निळी स्ट्रॅटोकास्टर झगझगीत रंगांनी स्वतः रंगवली. डोक्यापर्यंत आल्यावर त्यांनी पत्नी पॅटी बॉइड यांचं चमकीचं हिरवं नेलपॉलिश उचललं. त्याच वर्षी ही गिटार जगभर दाखवलेल्या ‘अवर वर्ल्ड’ या कार्यक्रमात झळकली. एका बाटलीत एवढी प्रसिद्धी कुठल्याच रंगाला मिळाली नसेल. नेलपॉलिश संपल्यावर घरात काय संवाद झाला असेल, याची कल्पना विवाहित वाचकांनी करावी.

पुढे 1980 च्या दशकात जॅक्सन, क्रेमर वगैरे कंपन्यांनी टोकदार डोकी काढली आणि ती मनसोक्त रंगवली. वादकांचे केस आणि गिटारींची डोकी, दोन्ही एकाच वेळी आकाशाकडे निघाली होती. त्या गिटारींवर उघडं लाकूड खरोखरच विजोड दिसलं असतं, हे लाकूडपंथी असूनही कबूल करायला हवं.

व्यवहारात पाहिलं तर रंगवलेल्या डोक्याला जपावं लागतं. खुंट्यांच्या भोकांपाशी रंगाला तडे जातात, तार बदलताना टोक लागून ओरखडा उठतो आणि खालचं गोरं मेपल दिसू लागतं. लाकडावरचा ओरखडा लाकडातच मुरून जातो. म्हणून लेखकाचा निवाडा असा: स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरचं डोकं उघडं, जॅग्वार आणि जॅझमास्टरचं रंगीत, आणि गिब्सनवाल्यांशी या विषयावर बोलणं नको. ज्यांना दोन्हींचा मोह सुटत नाही, त्यांनी चांगल्या जुन्या डोक्याला पॉलिश पेपर लावू नये. मापाची दुसरी, रंगवलेली नेक आणावी आणि लिओ फेंडर यांनी ठेवलेले चार स्क्रू सोडवून ती बसवावी. मूळ नेक मात्र जपून ठेवावी. गिटार विकायला काढली की गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच मागतं.