पन्नास गुणांचा पेला

पूर्वी पुण्यात बिअर प्यायची तर अंधारी परमिट रूम आणि दाराकडे पाठ असलेली खुर्ची एवढ्यावर भागत असे. ६५० मिलिलिटरच्या त्या बाटलीबद्दल प्रश्न दोनच: चिल्ड आहे का, आणि स्ट्राँग आहे का. दोन्हींना ‘हो’ आलं की समीक्षा संपली. पुढे २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ नावाची छोटी ब्रुअरी सुरू झाली, तिच्यामागून आणखी आल्या, आणि शहरात एक नवा वर्ग उदयाला आला. हा वर्ग पीत नाही, आस्वाद घेतो. आम्ही या वर्गाचे क्रियाशील सभासद असून पुढील मजकूर केवळ शैक्षणिक स्वरूपाचा आहे, याची घरच्यांनी नोंद घ्यावी.

आमचं मंडळ शनिवारी जमतं. वेटर एक लाकडी फळी आणून ठेवतो. तिच्यात खळगे आणि खळग्यांत चिमुकले ग्लास; खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाहून जरा थोराड. तहान लागली म्हणून लगेच तोंडाला लावायचे नसतात. ग्लास उजेडाकडे धरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरांना ऐकू जाईल अशा बेताने ‘हं’ म्हणायचं.

मग गुणदान. मराठी मध्यमवर्गाला कुठलीही गोष्ट सुखाने करायची तर आधी तिची परीक्षा असावी लागते. गाण्याची असते, गीतापठणाची असते, रांगोळीची असते. बिअरची नव्हती, म्हणून इतकी वर्षं ती व्यसनांत मोडत होती. ही अडचण अमेरिकेने सोडवली. तिथे बिअरच्या परीक्षकांचीच परीक्षा घेण्याची रीतसर व्यवस्था १९८५ पासून आहे. तिच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकंदर परिणामाला १०. ही विभागणी प्रथम पाहिली तेव्हा आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापकांचे डोळे पाणावले. रूपाचे ३ म्हणजे हस्ताक्षर व टापटीप, हे त्यांनी तत्काळ ओळखलं. त्यांनी आजवर एकाही बिअरला ३८ च्या वर चढू दिलेलं नाही. पोरं शेफारतात म्हणतात.

वासाच्या १२ गुणांसाठी मात्र वाचन लागतं. जर्मन गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवायझनला, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळं असतं ना लवंग. ही सगळी यीस्टची करामत. केळ्याच्या वासाचं द्रव्य आयसोअमाइल ॲसिटेट. मधमाशी डंख मारताना भाईबंदांना धोक्याचा इशारा म्हणून जे सोडते, त्यातही हेच मुख्य असतं. आमचे मेव्हणे ही माहिती प्रत्येक बैठकीत नव्याने देतात आणि प्रत्येक बैठकीत आम्ही नव्याने थक्क होतो. लोण्यासारखा वास आला तर तो दोष. त्याचं नाव डायअसिटिल. एकदा मेव्हण्यांनी ग्लास परत करत वेटरला सुनावलं, ‘यात डायअसिटिल आहे.’ तो बिचारा घाबरून म्हणाला, ‘नाही सर, प्युअर व्हेज आहे.’

हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बिअरला ऊन लागलं, की हॉप्समधली कडू द्रव्यं मोडतात आणि घाण वास सुटतो. अमेरिकेत त्याला स्कंकचा वास म्हणतात. हा प्राणी भारतात आढळत नाही. आमच्यातल्या कुणी तो पाहिलेला नाही, हुंगलेला तर नाहीच नाही. तरीही परदेशी बाटली उघडली, की खजिनदार ‘स्कंक!’ म्हणून तोंड फिरवतात आणि बाकीचे बालपणीची ओळख निघाल्यासारखी मान डोलावतात. कोकणातल्या घराच्या परसात पपनसं लोळत असताना आम्हाला हॉप्समध्ये ग्रेपफ्रूट सापडतं ते याच तयारीवर.

इंडिया पेल एलच्या ग्लासाशी पोचलो, की देशभक्ती जागी होते. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनने हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांसाठी, केपला वळसा घालणाऱ्या लांब प्रवासात टिकावी म्हणून जास्त हॉप्स घालून ही बिअर शोधली, अशी कथा फळीबरोबर फुकट मिळते. पेल एल इंग्लंडात आधीपासून होतीच आणि सैनिकांसाठी काळीकुट्ट पोर्टरही गलबतं भरभरून इकडे येत होती. पण असल्या तपशिलाने कथेचे गुण जातात. आता वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातले हॉप्स पुण्यात येतात आणि त्यांची जी बिअर होते तिला ‘इंडिया’ म्हणतात. ताटात कारलं दिसलं की पान सोडून उठणारे मेव्हणे फळ्यावर ‘आयबीयू ६०’ हा कडूपणाचा आकडा वाचतात, मोठा घोट घेतात आणि डोळ्यांत आलेलं पाणी भावनेचं असल्याचं सांगतात.

शुद्धतेचा प्रश्न आला की १५१६ चा बव्हेरियाचा कायदा निघतो. बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स यांखेरीज काही घालू नये, असं त्यात आहे. कोकमाची बिअर हाती धरून आम्ही तो अनेकदा उद्धृत केला आहे. त्याच कायद्यातला बराचसा मजकूर बिअर जास्तीत जास्त काय भावाने विकावी याबद्दल आहे. तो भाग आम्ही बिल आल्यावरच वाचतो, मनातल्या मनात.

मध्यंतरी एका तरुण सभासदाने आगाऊपणे त्रिकोणी चाचणीची सूचना मांडली. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात निराळी. डोळे बांधून निराळा ग्लास ओळखायचा. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गमध्ये १९४० च्या दशकात चव घेणारे लोक असे पारखून घेत. काही वर्षांपूर्वी अर्थशास्त्रज्ञांनी युरोपातल्या नामांकित लागर बिअर लेबलं झाकून लोकांपुढे ठेवल्या, तेव्हा त्यांना अंदाजपंचे दाहोदरसे ठोकणाऱ्यापेक्षा सरस काही जमलं नव्हतं, हेही त्याने वाचून दाखवलं. शिवाय गिनेस ब्रुअरीचं उदाहरण दिलं. तिथे नोकरीला असलेल्या विल्यम गॉसेटने थोडक्या नमुन्यांवरून काढलेल्या निष्कर्षावर किती भरवसा ठेवावा, याचं गणित १९०८ साली मांडलं. कंपनी स्वतःच्या नावाने लिहू देईना, म्हणून ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. यावर सविस्तर चर्चा झाली. थोडक्या नमुन्यांचा भाग आमच्याकडे फळीमुळे आपोआप पाळला जातो, गणिताचं पुढे पाहू, असं ठरून चाचणी तहकूब करण्यात आली. सूचना मांडणाऱ्याला सध्या पार्किंगची जबाबदारी दिली आहे.

खरा प्रश्न वेगळाच आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो आणि तो दिला जातो आरोग्याच्या रक्षणासाठी व संवर्धनासाठी. म्हणजे सरकारदरबारी आम्ही सगळे प्रकृतीसाठी पितो. ५० पैकी ३४ आणि ३५ यांतला फरक नाकाने सांगणाऱ्या माणसांना हे अपमानास्पद आहे. सबब गेल्या बैठकीत ठराव आला, की परवान्यावर ‘आरोग्य’ याच्याखाली ‘अभ्यास’ असा स्वतंत्र रकाना असावा आणि त्यात मोडणाऱ्यांना विद्यार्थी सवलत मिळावी. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले. मात्र मसुदा लिहायला घेतल्यावर ‘विद्यार्थी’मधला नेमका कितवा इकार दीर्घ, यावर मुख्याध्यापक आणि खजिनदार यांचं एकमत होईना. तेव्हा विषय पुढील बैठकीकडे सोपवून सर्वानुमते मोठे ग्लास मागवण्यात आले.