सहा पॉइंट, एक दिवस

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी सुटणाऱ्या सहलीच्या गाडीचा ठरलेला कार्यक्रम असा: दौलताबादचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळची लेणी, येताना पाणचक्की आणि उजेड उरलाच तर बीबी का मकबरा. सहा ‘पॉइंट’, दिवस एक. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कारागिरांनी कैलास लेणे कळसापासून पायाकडे खोदत आणले. आपण ते पायापासून कळसापर्यंत वीस मिनिटांत उरकतो, तेही सेल्फी धरून. प्रगती म्हणायची ती हीच.

ही सहल डोळ्यांसाठी नव्हे, गाडीसाठी आखलेली असते, असा माझा आरोप आहे. पुरावा हवा तर वेरूळच घ्या. लेणी चौतीस: पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, शेवटची पाच जैन. तीन धर्म एकाच डोंगरात शेजारी नांदले, हेच तर वेरूळचे मोठेपण! पण सहलीचे वेरूळ म्हणजे फक्त सोळावे, म्हणजे कैलास लेणे, कारण प्रवेशद्वारातून आत गेल्यावर समोर तेच येते. जैन लेणी किलोमीटरभर पुढे, म्हणून अख्खा एक धर्म वेळेअभावी रद्द. दौलताबादला तर कमालच. खंदक ओलांडला की तिथे अंधारी लागते. शत्रूने चाचपडत मरावे म्हणून खडकात काढलेली ती वळणावळणाची वाट. आपली मंडळी चांदमिनारापाशी फोटो काढून मागे फिरतात. ज्यांनी एवढा कडा तासला त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हते, की माणसे गडाबाहेर ठेवायला जेवणाची वेळ पुरते.

यावर कुणी म्हणेल, रजा कुठे आहे? एकच रविवार, सोबत पोरे, म्हातारी माणसे, वर गाडीभाडे. अगदी खरे. पण म्हणूनच ठिकाणे कमी करावीत. डिझेल वाचते आणि आजीचे गुडघेही. दुसरा आक्षेप ‘निदान पाहिले तरी’ हा. मकबरा असाच ‘पाहून’ लोक त्याला गरिबांचा ताज म्हणतात. चारबागेतून सावकाश चालत जवळ गेले, तर दिसते की खालचा संगमरवर कमरेएवढ्या उंचीवर संपतो, वर चुन्याचा गिलावा आणि त्यातली नाजूक नक्षी सुरू होते, आणि संगमरवर पुन्हा भेटतो तो थेट घुमटावर. औरंगजेबाचा हात कुठे आखडला, ते भिंतच सांगते. त्यासाठी लागतो निवांत अर्धा तास, आणि नेमका तोच कार्यक्रमात नसतो.

तेव्हा वाचकहो, एका रविवारी एकच ठिकाण धरा. तेही जमत नसेल, तर मंगळवारी निघा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. दाराबाहेर फोटो काढून उरलेले पाच पॉइंट वेळेत होतील.