सोळा अँपियरचे तात्या

आमच्या सोसायटीत कोणी स्मार्टवॉच घेतलं की ते आधी देवापुढे ठेवतात आणि मग तात्यांपुढे. देव काही विचारत नाही. तात्या विचारतात, "फोन कुठला?"

तात्या वीज मंडळातून निवृत्त झाले, मानकांमधून नाही. 'आयएस १२९३' हे प्लग-सॉकेटचं भारतीय मानक त्यांच्या तोंडून ऐकताना समोरचा आपोआप ताठ बसतो. प्लग कुठल्याही कंपनीचा असो, सॉकेट कुठल्याही गावातलं असो, सोळा अँपियरची पिन सोळा अँपियरमध्ये बसलीच पाहिजे, या श्रद्धेवर त्यांनी नोकरीही केली आणि संसारही. त्यामुळे मनगटावरचं घड्याळ खिशातला फोन बघून चालायचं की नाही ते ठरवतं, हा त्यांना व्यक्तिगत अपमान वाटतो. आणि अपमान झाला की तात्या अभ्यास करतात.

आता त्यांना सगळा इतिहास तोंडपाठ आहे. २०१२ साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करून पेबल उभं राहिलं. ते आयफोन आणि अँड्रॉइड, दोघांशीही नीट वागायचं. "सज्जन होतं," तात्या म्हणतात, "म्हणूनच २०१६ साली फिटबिटच्या पोटात गेलं." २०१३ चं सॅमसंगचं गॅलेक्सी गिअर सुरुवातीला फक्त सॅमसंगच्याच नोट ३ ला ओळखायचं. पुढे २०१७ साली सॅमसंगनं आपल्या घड्याळांत आयफोनवाल्यांना घेतलं आणि २०२१ च्या गॅलेक्सी वॉच ४ पासून पुन्हा वगळलं. २०२२ साली आलेलं गूगलचं पिक्सेल वॉचही अँड्रॉइडपुरतंच. ॲपल वॉच तर २०१५ पासून आयफोनखेरीज कोणाकडे बघायलाच तयार नाही. अँड्रॉइडसाठी तीन वर्षं खटपट केली आणि तांत्रिक अडचणींमुळे सोडून दिली, असं त्या कंपनीचं म्हणणं.

"तीन वर्षं?" तात्यांचा आवाज चढतो. "तीन वर्षांत आम्ही अख्ख्या तालुक्यात वीज नेली! तीही पावसाळे धरून!"

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला आणि त्यात घड्याळाचाही मुद्दा घातला, तेव्हा तात्यांच्या घरी शिरा झाला. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं केलं, तेव्हा श्रीखंड आणलं. घड्याळं त्या यादीत नाहीत हे त्यांना दुसऱ्या वाटीनंतर कळलं.

तात्यांबरोबर दुकानात जाणं हा वेगळाच अनुभव. काउंटरवरचा पोरगा उत्साहानं सांगतो, "काका, हे सगळ्या फोनला चालतं."

"अस्सं? आयफोनवर आलेला मेसेज यावर वाचता येतो?"

"येतो ना काका."

"आणि उत्तर?"

पोरगा मॅनेजरकडे बघतो. तात्या माझ्याकडे वळतात. "बघ, हे गार्मिन. अँड्रॉइडशी बोलतं-चालतं. आयफोनशी याचा रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाही. मेसेज येणार, इकडून उत्तर जाणार नाही." मग पलीकडच्या गॅलेक्सी वॉचवर बोट. "हे कुठल्याही चांगल्या अँड्रॉइडला जोड. पण ईसीजी काढायचा तर फोनही सॅमसंगचाच हवा. म्हणजे हृदय तुझं, मनगट तुझं, पैसे तुझे. आणि परवानगी कोरियाची!"

एवढं सगळं कळणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मनगटावर काय असावं? मुलीनं न्यू जर्सीहून आणलेलं ॲपल वॉच. आणि खिशात? मुलानं बंगळुरूहून पाठवलेला सॅमसंग. घड्याळासाठी आयफोन घेणं तत्त्वात बसत नाही आणि मुलीची भेट कपाटात ठेवणं मायेत बसत नाही. शेवटी जावई सुट्टीवर आला असताना तात्यांनी त्याच्याच आयफोनवर घड्याळ सुरू करून घेतलं. जावई फोन घेऊन परत गेला. तेव्हापासून तात्या पर्वती चढतात, पण घड्याळाच्या हिशेबी चढतो तो जावई.

तात्यांना वाटलं होतं, फोन सातासमुद्रापार गेला की घड्याळ निदान गप्प बसेल. पण घरच्या वाय-फायमधून ते जावयाच्या फोनचा माग काढत राहिलं. रात्री दोनला मनगट थरथरू लागलं. लेकीनं नवऱ्याला पाठवलेले निरोप इकडे सासऱ्याच्या मनगटावर उमटायचे: दूध आण, कोथिंबीर विसरू नकोस, गॅरेज उघडं राहिलंय. काकूंना झोपमोडीपेक्षा बातम्या मोलाच्या वाटत. "कोथिंबीर आणली का हो त्यानं?" असं त्या सकाळी चहाबरोबर विचारत.

एका रात्री मात्र निरोप आला, "आई-बाबांना या वेळी सहा महिने नको, तीनच पुरे."

काकू उठून बसल्या. तात्याही उठून बसले, पण निराळ्या कारणानं. "पाहिलंस? ब्लूटूथ आठ-दहा हजार मैलांवर आहे का? नाही. हा सगळा वाय-फायचा खेळ!"

"अहो, मजकूर वाचलात का?"

"मजकूर नंतर बघू गं. मुद्दा असा, की याला फोन लागतच नाही! लागतो म्हणून नुसतं सांगतात!"

काकूंनी चष्मा लावला. "मग उत्तर जातं का हो यावरून?"

हा प्रश्न तांत्रिक होता. तांत्रिक प्रश्न अनुत्तरित ठेवणं तात्यांच्या रक्तात नाही. त्यांनी पडद्यावर बोटानं एकच आकडा गिरवला, सहा, आणि पाठवून दिला. जावयाच्या नावानं तो न्यू जर्सीला पोचला. पाच मिनिटांत लेकीचा निरोप: "तू किती चांगला आहेस!" खाली तीन लाल बदाम.

तिकिटं आली आहेत, परतीची तारीख बरोबर सहा महिन्यांनंतरची. जावई कशाला काही बोलेल? फुकटात मिळालेला चांगुलपणा कोणी परत करत नाही. तात्या अजूनही मानकांवर व्याख्यानं देतात, पण काकूंचा घड्याळावरचा राग साफ मावळलाय. रात्री दाराला कडी घातली की त्या आठवणीनं ते चार्जिंगला लावतात आणि तात्यांना बजावतात, "मेसेज आला तर आधी मला उठवा. उत्तर मी सांगेन."