मूल स्टेशन, एकास सत्त्याऐंशी

मूलच्या स्टेशनाचं कागदोपत्री नाव मूल मारोडा. आज तिथून ब्रॉडगेजच्या गाड्या जातात, पण माझ्या वयाच्या लोकांच्या डोक्यातून छोटी लाइन काही उखडली गेलेली नाही. दोन रुळांत अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. बंगाल-नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाकडून चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, टाकलेली ही लाइन १९९० च्या दशकात रुंद झाली. नागपूर-नागभीड तेवढी उरली होती, ती नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. गावातल्या शहाण्या माणसांनी हळहळ व्यक्त केली आणि ती जेवायला गेली. मी गणिताचा निवृत्त मास्तर. मला वाटलं, आपण ही गाडी घरी सुरू करावी.

निमित्त झालं कोथरूडचं. तिथं भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. पुतण्याच्या लग्नाला पुण्यात गेलो, वऱ्हाड सारसबागेत गेलं आणि मी या संग्रहालयात. सिग्नल पडतो, एक गाडी थांबते, दुसरी निघते, मग खोलीत अंधार करून अख्ख्या शहराचे दिवे लावतात. खेळ संपला तरी मी उठेना. तेव्हा शेजारच्या पोरानं आईला मोठ्यांदा विचारलं, "हे आजोबा हरवलेत का?"

तिथल्या गाड्यांचं प्रमाण १:८७. रात्री लग्नाच्या पत्रिकेमागं भागाकार मांडला. ७६२ भागिले ८७, उत्तर ८.७६. आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात! जेमतेम पाव मिलिमीटरचा फरक. दहावीच्या पेपरात एवढ्यासाठी मी कुणाचा अर्धा गुणही कापला नसता. मुंबईहून कुरिअरनं रूळ आले, इंजिन आलं, आणि सौ.ला त्यांची किंमतही मी १:८७ याच प्रमाणात सांगितली.

डब्यांची मापं घ्यायला नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात गेलो. टेप घेऊन डब्याखाली वाकलो होतो. सहकुटुंब आलेल्या एका गृहस्थांनी आपुलकीनं चौकशी केली, "भंगारात कितीला जाते हो हे?"

खरी अडचण आली ती जंगलाची. मूलचं स्टेशन म्हटलं की सागवान आलंच. पंचवीस मीटरचा साग १:८७ मध्ये एकोणतीस सेंटिमीटर होतो आणि पाच मीटरची इमारत सहा सेंटिमीटरच्याही आत राहते. मॉडेलवाले म्हणूनच झाडं खुजी करतात. खरी उंची धरली तर गाडी दिसत नाही. मी मास्तर. प्रमाण म्हणजे प्रमाण! तुळशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवा रंगवलेला कोंडा चिकटवून पूर्ण उंचीचं जंगल उभं केलं. कोंडा इथल्याच राइस मिलचा, अगदी ताजा. उंदरांनी दोन रात्रींत बेकायदा वृक्षतोड केली. मग आरामशीनवरचा लाकडाचा भुसा आणला. त्याला उंदरांची हरकत नव्हती, सौ.ची होती.

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात काय होतं हे वाचकांना सांगायला नको. माझं मूल स्टेशन गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत होतं. रूळ तापून थोडे वाढले, खालचं प्लायवूड सुकून त्याहून जास्त आकसलं, आणि मारोड्याच्या बाजूची सरळ लाइन नागमोडी झाली. खऱ्या रेल्वेत सांध्याला फट ठेवतात, हे मी पोरांना प्रसरण शिकवताना पंचवीस वर्षं फळ्यावर काढत आलो होतो.

एवढ्यात आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना कुणीतरी ही बातमी दिली. यंदाच्या गणपतीला देखावा सरांचा! अट एकच, गाडीनं स्टेशनातून निघून बाप्पाला प्रदक्षिणा घालावी आणि त्याच लाइननं परत यावं. ऐकायला भक्तिभावाचं, पण वीजशास्त्राच्या दृष्टीनं महापाप. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण. गाडी वळसा घालून त्याच लाइनला लागली की डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो आणि शॉर्ट सर्किट होतं. हे कळलं आरतीच्या आधी दहा मिनिटं. उपाय पुस्तकी आहे: वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे आणि आतल्या तुकड्याला प्रवाह उलटा करणारा खटका द्यायचा. रूळ कापले. खटका दाबायला टेबलाखाली आठवीतला एक पोरगा बसवला. पद स्टेशनमास्तर, पगार रोजचे दोन मोदक.

देखाव्याला गर्दी लोटली. पहिला प्रश्न अपेक्षितच होता, "वाघ कुठी आहे जी?" वाघ होता. १:८७ चा वाघ तीन सेंटिमीटरचा. मी तो एम-सीलचा केला होता आणि मुद्दाम रुळांपासून लांब झाडीत ठेवला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीच्या जंगलात याच लाइनवर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले, ते कसं विसरणार? एका मुलीनं बोट दाखवलं, "आई, बोकड!" झाडीतून काढून त्याला जवळ आणायचा मोह मी आवरला.

दुसरा आक्षेप मात्र वर्मी लागला. पांढऱ्या टोपीतले एक आजोबा बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "हे आपली गाडी नोहे. आपली गाडी कवा एवढी पळे?" बरोबर होतं त्यांचं. ताशी पंचवीस किलोमीटर म्हणजे १:८७ मध्ये सेकंदाला जेमतेम आठ सेंटिमीटर. स्वस्तातलं इंजिन तेवढं हळू चालतच नाही. आधी गुरगुरतं, मग एकदम राजधानी होतं. या छंदात गाडी पळवणं कुणालाही जमतं. कस लागतो तो ती रेंगाळत नेण्यात. रेल्वेला जे आपोआप साधलं होतं, त्यासाठी मी पगारी माणसासारखा रात्री जागत होतो.

तेवढ्यात स्टेशनमास्तर मोदक आणायला गेले आणि गाडी बाप्पाच्या पाठीमागं जाऊन मेली. शंभर माणसं समोर, लाइन रिकामी. मी घामाघूम. आजोबांचा चेहरा मात्र खुलला. "आता बरोबर! सिग्नल नसन भेटला," असं म्हणून ते खुर्ची ओढून निवांत बसले. बाकीची वडीलमंडळीही बसली. गाडी सुटेपर्यंत स्टेशनामागं चिंच होती की कडुनिंब यावर चर्चा रंगली, आणि ती विसर्जनापर्यंत मिटली नाही.

म्हणून ही विनंती. छोट्या लाइनच्या काळातला मूल स्टेशनाचा मागच्या बाजूनं काढलेला फोटो कुणाकडं असेल, तर तो कृपया मला दाखवावा. पाहून लगेच परत करीन. चिंचवाले आणि कडुनिंबवाले दोघेही माझ्याशी बोलत नाहीत. दोन्ही झाडं मी एकोणीस सेंटिमीटरची करून तयार ठेवली आहेत.