आजींच्या दंडावरचा वळ

वृद्धाश्रमातल्या आजींच्या दंडावर वळ उठलेला असतो. तो सगळ्यात आधी दिसतो अंघोळ घालणाऱ्या मावशींना. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर नुसता हात धरून उठवलं तरी म्हाताऱ्या कातडीवर वळ उठतो. तेव्हा प्रत्येक वळ म्हणजे मारहाण नव्हे. पण ते ठरवायचं कुणी? आज ठरवतात संचालक. वहीत 'बाथरूममध्ये घसरल्या' अशी नोंद होते, मुलाला फोनवर तेच सांगितलं जातं आणि विषय मिटतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार व्हायची, त्याच्याच हातात वही. हे मला मुळीच मान्य नाही.

लहान मुलांच्या बाबतीत आपण हे चालवून घेत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना सांगितलंच पाहिजे, असं २०१२ चा पोक्सो कायदा बजावतो. नाही सांगितलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर वर्षापर्यंत. ज्येष्ठांसाठीचा आपला कायदा २००७ चा. त्यात पोटगी आहे, म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतची शिक्षाही आहे. वृद्धाश्रमात मारहाण दिसली तर तिथल्या कर्मचाऱ्याने कुणाला कळवायचं, याबद्दल मात्र अक्षर नाही. वृद्धाश्रमांची नोंदणी आणू पाहणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि त्या लोकसभेबरोबरच बारगळलं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना काल रात्री काय झालं ते सांगता येत नाही. त्यांच्या वतीने कुणी बोलावं, हे आपण पाहणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं आहे.

अमेरिकेने २०१० मध्ये ही जबाबदारी थेट माणसावर टाकली. सरकारी पैसा घेणाऱ्या नर्सिंग होममधल्या प्रत्येकाने, मालकापासून कंत्राटी कामगारापर्यंत, गुन्ह्याचा रास्त संशय आला की पोलिसांना आणि राज्याच्या तपासणी यंत्रणेला कळवायचं. गंभीर इजा असेल तर दोन तासांत, एरवी चोवीस तासांत. 'मॅडमना सांगितलं होतं' एवढ्यावर सुटका नाही. न कळवणाऱ्याला तेव्हा दोन लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला, आणि कळवणाऱ्यावर सूड उगवणाऱ्या संस्थेलाही तेवढाच.

तरी तिथेही गप्प बसणं थांबलं नाही. नर्सिंग होममधून रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेली, छळाचा संशय असलेली १३४ प्रकरणं तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१७ मध्ये पुढे आणली. चारांतल्या एकाहून अधिक प्रकरणांत पोलिसांना कळवल्याचा पुरावाच नव्हता. आणि तोवर या कलमाखाली संबंधित केंद्रीय यंत्रणेने एकही कारवाई केलेली नव्हती. सात वर्षं कलम नुसतं पुस्तकात होतं.

असं कलम आपल्याकडे हवंच. पण ते मावशींच्या मानेवर ठेवलेली सुरी होता कामा नये. मावशी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेल्या असतात, राहायलाही तिथेच. तोंड उघडलं तर नोकरी आणि छप्पर एकदमच जातं, शिवाय ब्युरो दुसरीकडे लावत नाही. रात्री वीस जणांमागे एकच मावशी ठेवली आणि कूस न बदलल्याने कुणाच्या पाठीला जखमा झाल्या, तर तो गुन्हा माणसं कमी ठेवणाऱ्याचा. कळवणारीचं नाव गुप्त राहिलं पाहिजे, तिला काढणाऱ्याला दंड झाला पाहिजे आणि तिला गप्प बसवणाऱ्या संचालकाला तिच्यापेक्षा जड शिक्षा हवी. पोक्सोने प्रमुखाला जास्त शिक्षा ठेवलीच आहे, म्हणजे हे नव्याने शोधायचंही नाही.

कायदा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते, त्यानंतर ११२. हे दोन्ही नंबर मावशी जेवायला बसतात त्या भिंतीवर लावायला सांगा, संचालकांच्या केबिनमध्ये नको. आई-वडिलांना ठेवताना आपण खोली बघतो, जेवण बघतो, फीमध्ये घासाघीस करतो. तेव्हाच विचारा, रात्री काही झालं तर कोण, कुणाला, किती वेळात कळवतं? आणि अशा घटनांची नोंदवही बघायला मागा. 'आम्ही आमचं बघून घेतो' असं उत्तर मिळालं, तर तिथे डिपॉझिट भरू नका.